पावसात कॅमेरा घेऊन चालताना: बॅग, कव्हर आणि पट्ट्याच्या नोंदी

माझ्याकडे एक मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी आहे, २४-१०५ मिलिमीटरची झूम लेन्स, ७०-३००ची दुसरी लेन्स आणि पाठीवरची २० लिटरची बॅग. बॅगेसोबत रेनकव्हरही आलं होतं. मला भर पावसात चार तास चालायचं आहे, वाटेत कुठेही थांबून पंधरा सेकंदांच्या आत फोटो काढायचा आहे आणि घरी परतल्यावर कॅमेरा कोरडा हवा आहे. तयार मिळणारी कव्हरं वापरून झाली. एका जागी उभं राहून फोटो काढायचे असतील तर ती पुरतात. पण ती कॅमेरा डोळ्याला लावलेला आहे असं धरून बेतलेली असतात, आणि माझा कॅमेरा चार तासांपैकी साडेतीन तास छातीवर लटकत असतो. म्हणून स्वतःच शिवायला घेतलं. नोंदी काम करता करता लिहिल्या आहेत, चुकांसकट ठेवल्या आहेत.

२८ मे

सुरुवात गेल्या वर्षीच्या नुकसानापासून. तीन तासांची चाल होती, बॅगेवर रेनकव्हर ताणून बसवलेलं होतं, आणि मी निर्धास्त होते. घरी येऊन बॅग उघडली तर तळाचा फोम पिळून काढण्याइतका ओला. ७०-३०० लेन्स त्याच फोमवर आडवी होती. ती पुसली, दोन दिवस त्याच बॅगेत राहू दिली, मग कपाटात ठेवली आणि दोन महिने तिच्याकडे पाहिलं नाही. मग एकदा उजेडासमोर धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी. सफाईला लेन्सच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश गेले, आणि काचेवरच्या लेपावरचा डाग तरीही राहिलाच.

आज बॉडीचं माहितीपत्रक पुन्हा नीट वाचलं. 'धूळ आणि ओलाव्यापासून संरक्षण' एवढंच लिहिलं आहे, आकडा कुठेच नाही. आकडा असेल तर त्याला ठरलेला अर्थ असतो. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी५३ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आहे. त्यातल्या शेवटच्या ३चा अर्थ असा की उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा चालतो. ४ असेल तर कुठल्याही दिशेचे शिंतोडे चालतात. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. माझ्या बॉडीला यातलं काहीच लागू नाही, म्हणून ती पाणी अजिबात अडवत नाही असं धरूनच पुढचं सगळं करायचं ठरवलं.

३० मे

पाणी येतं कुठून, हे आधी पाहायचं होतं. रिकाम्या बॅगेत सहा बाजूंना सहा कोरे कागद लावले आणि प्रत्येकावर साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या स्केचपेनने ठिपके काढले. पाणी लागलं की ठिपका फुटतो आणि शाई कुठल्या दिशेला ओघळली तेही कळतं. बॅग वजन करून, रेनकव्हर घालून, शॉवरखाली वीस मिनिटं खुर्चीच्या पाठीला टांगली.

आधी १६४० ग्रॅम, नंतर १९३० ग्रॅम. कव्हर घातलेल्या बॅगेने २९० ग्रॅम पाणी प्यायलं होतं.

समोरचा आणि वरचा कागद कोरडा. पाठीकडच्या कागदावरचे सगळे ठिपके फुटलेले, तळाच्या कागदाचा तर लगदा. कारण लगेच दिसलं. रेनकव्हर बॅगेची पाठ झाकत नाही, झाकूच शकत नाही, कारण खांद्याचे पट्टे तिथूनच निघतात. पाणी मानेवरून आणि पट्ट्यांवरून पाठीच्या फोममध्ये उतरतं, फोम ते शोषून खाली नेतो, आणि खाली रेनकव्हरचा खोलगट तळ ते साठवून ठेवतो. बॅग स्वतःच्या कव्हरात साठलेल्या पाण्यात बसलेली होती.

कव्हरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला एक धातूची आयलेट ठोकली. दहा मिनिटांचं काम. पुन्हा वीस मिनिटं शॉवर: वाढ १७० ग्रॅम, तीही जवळजवळ सगळी पट्ट्यांत आणि पाठीच्या फोममध्ये. तळ ओलसर, पण पाणी साठलेलं नाही. तुमच्या रेनकव्हरला तळाशी भोक नसेल तर आज पाडून घ्या. या सगळ्या नोंदींतलं सगळ्यात कमी श्रमाचं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम हेच.

२ जून

बाहेरून पाणी पूर्ण अडवायचा नाद सोडला. बॅग भिजणारच, मग आत काय ठेवायचं ते ठरवू. तोंड गुंडाळून बंद करायची एक ड्रायबॅग आणली आणि फोमचे कप्पे तिच्या आत बसवले.

पहिल्या चाचणीत आतला कागद ओला झाला. मी तोंड दोनच वेळा गुंडाळलं होतं, आणि बकल लावताना मधला भाग उघडा पडत होता. तीन घड्या, कडा ताणून सरळ धरलेल्या, आत थोडी हवा राहू दिलेली: कागद खडखडीत कोरडा. हवेने पिशवी फुगलेली राहते, त्यामुळे गळती असेल तर ती दाबून लगेच कळते.

अडचण वेळेची. बॅग उतरवणं, चेन उघडणं, घड्या सोडणं, कॅमेरा काढणं: ४२ सेकंद. आणि तेवढा वेळ बॅगेचं तोंड आभाळाकडे उघडं. त्यामुळे ठरलं असं की दुसरी लेन्स, बॅटऱ्या आणि कार्ड ड्रायबॅगेत राहतील आणि वाटेत ती उघडायची नाही. कॅमेरा छातीवर, वेगळ्या कव्हरात. ते कव्हर शिवायचं आहे.

५ जून

कापडात एक अख्खा दिवस आणि दीड मीटर कापड वाया गेलं.

हलकं, गुळगुळीत रिपस्टॉप (चीर पुढे वाढू नये असं विणलेलं) नायलॉन आणलं, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेलं. पाणी त्यावर पाऱ्यासारखं पळतं, म्हणून हेच उत्तम असं वाटलं. पण शिवणीवर लावायची टेप त्याला चिकटतच नाही. इस्त्रीने दाबली, थंड होऊ दिली, नखाने ओढली, अख्खी पट्टी हातात. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉनच धरतं. त्याच्या शिवणी टेपने बंद होत नाहीत, पातळ केलेलं सिलिकॉन ब्रशने लावावं लागतं.

दुसरं कापड ७० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) रिपस्टॉप नायलॉन, एका बाजूला पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. या वेळी आधी तपासलं. कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारली. हवा पार गेली तर लेप विरळ आहे. मग एका वाडग्यावर कापड झोळीसारखं बांधून त्यात पाणी ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी वाडग्यात थेंब नव्हता. कापडाच्या वर्णनात १५०० किंवा ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड तोलून धरतं, असा त्याचा अर्थ. कॅमेऱ्याच्या कव्हराला १५०० पुष्कळ झाले, कारण त्यावर दाब पडतच नाही. बॅगेच्या तळाला, जिथे वजन टेकतं, तिथे जास्त हवं.

८ जून

वर्तमानपत्राचा साचा कापला. कॅमेरा टेबलावर ठेवला, भोवती कागद गुंडाळला, टेप लावली, खुणा केल्या. चार तास मन लावून केलं आणि सगळं चुकलं, कारण लेन्स २४वर होती. १०५वर नेली की तिची नळी बोटभर बाहेर येते, हूडही (लेन्सच्या टोकाला लावायचा आडोसा) तितकाच पुढे जातो, आणि कव्हर मागे खेचलं जाऊन डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर झाकला जातो.

संध्याकाळी ताईला फोन केला. शिलाई मशीन तिचं आहे आणि हातही तिचाच सराईत. तिने एवढंच विचारलं, "अगं, बाही बेतताना हात वाकवून माप घेतेस की सरळ ठेवून?" मी गप्प झाले. लेन्स पूर्ण बाहेर काढून, हूड लावून आणि दोन्ही हात कॅमेऱ्यावर धरून नवा साचा घेतला. आधीच्यापेक्षा तो ९ सेंटिमीटर लांब निघाला.

११ जून

शिवण. ताईच्या घरी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

ज्या गोष्टी आधी माहीत असत्या तर बऱ्या झाल्या असत्या: टाचण्या वापरायच्या नाहीत. लेप असलेल्या कापडातलं भोक भरून येत नाही. ताईने शिवणाच्या क्लिपा दिल्या, तशा नसतील तर कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, कारण सुती दोरा पाणी शोषून वातीसारखं आत नेतो. टाका मोठा, तीन ते साडेतीन मिलिमीटरचा. मला वाटत होतं बारीक टाका म्हणजे पक्की शिवण. इथे उलट आहे, बारीक टाक्याने कापडावर तिकिटासारखी छिद्रांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटतं. एकदा घातलेली शिवण उसवून दुसरीकडे घालायची म्हणजे दुप्पट छिद्रं. म्हणून आधी कागदावर शिवून पाहिलं.

टेप इस्त्रीने आतल्या, म्हणजे लेपाच्या बाजूने लावली. पहिला तुकडा जळाला. इस्त्री मधल्या आचेवर होती आणि नायलॉन सुरकुतून गेलं. नंतर सगळ्यात कमी आच, मध्ये बेकिंग पेपर, एका जागी पाच-सहा सेकंद दाबून धरायचं, सरकवायचं नाही. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. वळणावर टेप सपाट बसत नव्हती, तिथे तिचे छोटे तुकडे एकावर एक चढवून लावले.

रात्री दिवे घालवून कव्हरच्या आत टॉर्च लावला. अकरा ठिकाणी उजेडाचे बिंदू दिसले, त्यातले आठ टाचण्यांचे, सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातले.

१४ जून

त्या अकरा भोकांवर घरात पडलेलं, काचेच्या कामाचं सिलिकॉन सीलंट लावलं. उघडताच व्हिनेगरसारखा उग्र वास. तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा असतो, सीलंट वाळताना ते बाहेर पडतं. हे कळेपर्यंत कव्हर घडी करून कॅमेऱ्यासोबत कपाटात ठेवलेलं होतं. ही वाफ धातूला आणि विजेच्या जोडांना खाते. कॅमेरा लगेच बाहेर काढला, हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) आणि बॅटरीचे संपर्क तपासले, सुदैवाने काही झालेलं नव्हतं. शिवाय सीलंट पीयूवर धड बसलंही नाही, दोन दिवसांत खपल्या सुटल्या. सगळं खरवडून त्या जागी टेपचे गोल तुकडे इस्त्री केले. दीड दिवस गेला.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत कॅमेरा त्याच्या जवळ नेऊ नका.

१८ जून

कॅमेऱ्याऐवजी पाण्याची भरलेली बाटली, वजन साधारण तेवढंच, भोवती टिश्यू पेपर गुंडाळलेला. ती कव्हरात घालून गळ्यात अडकवली आणि जॅकेट घालून स्वतः शॉवरखाली उभी राहिले. पंधरा मिनिटं.

शिवणी कोरड्या. दोन जागी टिश्यू ओला: हुडाच्या कडेला आणि उजव्या हाताच्या तोंडाशी.

हुडाच्या कडेला मी इलास्टिक घातलं होतं. इलास्टिकच्या प्रत्येक चुणीची एक पन्हळ होते आणि पाणी तिच्यातून सरळ आत जातं. इलास्टिक काढलं, तिथे सपाट पट्टी आणि वेल्क्रो लावलं, आणि कड हुडाच्या टोकाच्या दोन सेंटिमीटर मागे बांधली, म्हणजे पाणी कडेवर न थांबता हुडावरून पुढे निथळतं.

हाताचं कोडं सुटायला वेळ लागला. कव्हरला हात घालायची जागा मी बाजूला ठेवली होती. कॅमेरा छातीवर असतो तेव्हा कोपर वर आणि पंजा खाली, त्यामुळे जॅकेटच्या बाहीवरचं सगळं पाणी मनगटाकडे आणि तिथून कव्हरात. जागा उसवून खाली, तळाला नेली. आता हात खालून वर जातो, पाणी कोपराकडे ओघळतं आणि बाहेर पडतं. उघडं तोंड नेहमी खाली.

२३ जून

पहिली खरी चाल, दोन तास, मध्यम पाऊस. कॅमेरा बाहेरून कोरडा. फोटो मात्र निम्मे वाया.

व्ह्यूफाइंडरसमोर मी पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी शिवली होती. तिच्यावर श्वासाने दहाव्या मिनिटाला वाफ धरली. घरी आल्यावर खिडकी कापून टाकली. आता कापडाला फक्त एक भोक आहे: आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) काढायचा, कापड व्ह्यूफाइंडरवर चढवायचं, वरून आयकप परत दाबून बसवायचा. रबरच कापड धरून ठेवतं. डोळा लावला की भोक आपोआप बंद, आणि लटकताना ते आपल्याच छातीकडे असतं.

लेन्सच्या पुढच्या काचेवर थेंब आले ते फोटो काढताना नाही, चालताना. लेन्स समोर रोखलेली होती आणि आपण चालत असलो की पाऊस समोरून येतो. लेन्स जमिनीकडे वळवून चालायला लागले आणि हुडात थेंब येणं जवळजवळ थांबलं. झाकणही लावून ठेवते, पण फोटोच्या आधी शेवटच्या क्षणी काढते.

मायक्रोफायबरचं कापड एकदा भिजलं की पाणी टिपत नाही, फक्त पसरवतं. आता चार ठेवते, आणि आधी जुन्या सुती पंच्याने पाणी टिपून घेते, घासत नाही. मग मायक्रोफायबर.

२४ जून

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

काल रात्री थकून बॅग तशीच बंद ठेवली. आत ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी होती. सकाळी वजन केलं तर ५९ ग्रॅम. म्हणजे बॅगेतून तिने ९ ग्रॅम पाणी शोषलं होतं. मला वाटलं, पावसाळी हवा बॅगेत शिरली, तिचंच हे पाणी.

मग हिशोब केला. ३० अंश तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. माझी बॅग २० लिटरची. तिच्यातल्या हवेत फार तर ०.६ ग्रॅम. उरलेलं साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी हवेतून आलेलं असूच शकत नाही.

पट्टा तोलला. कोरडा असताना ६२ ग्रॅम होता, आता ८१ ग्रॅम, रात्रभर सुकूनही. पंचा तोलला, तर कोरड्यापेक्षा ११० ग्रॅम जास्त. दोन्ही मीच कॅमेऱ्याशेजारी ठेवले होते. शिवणी, टेप, आयलेट यांवर तीन आठवडे घालवले आणि पाणी माझ्या हातांनी आत गेलं होतं. गेल्या वर्षीच्या लेन्सचंही हेच झालं असणार. भिजलेला फोम एका रात्रीत वाळत नाही, आणि मी ती त्याच बॅगेत दोन दिवस ठेवली होती.

२५ जून

बॅगेची वाटणी बदलली. जे एकदा पावसात बाहेर निघालं ते परत ड्रायबॅगेत जाणार नाही, कितीही पुसलेलं असो. ओल्या वस्तूंसाठी बाहेरच्या बाजूला जाळीचा खिसा शिवला. पंचा, लेन्सचं झाकण, पट्टा, कव्हर, सगळं तिथे. घरी आल्यावर कॅमेरा आधी उघड्यावर पंख्याखाली, बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण पूर्ण पुसून झाल्यावरच उघडायचं, लेन्स काढायची नाही. बॅगेतले सगळे फोम बाहेर काढून उभे करायचे. फोम पूर्ण सुकायला माझ्याकडे दोन दिवस लागतात.

२९ जून

पट्टा अजून सुटत नव्हता. तो खांद्यावर भिजतो आणि उतारावरून पाणी थेट कॅमेऱ्याच्या कडीपर्यंत आणतो. कव्हरला पट्ट्यासाठी दोन चिरा आहेत, त्यांतून ही धार आत.

झुलत्या बिछान्यात झोपून रात्र काढणारे लोक बिछान्याच्या दोरीला एक छोटी सुतळी बांधून खाली सोडतात. दोरीवरून येणारं पाणी गाठीशी अडतं आणि सुतळीवरून टपकतं. तसंच केलं. दोन्ही बाजूंना, चिरेच्या चार बोटं वर, पट्ट्याभोवती घट्ट गाठ मारून वीतभर दोरा लोंबता सोडला. शॉवरमध्ये पाहताना फार बरं वाटलं: धार गाठीपाशी येते, वळते आणि दोऱ्याच्या टोकावरून ठिबकते. आधी दहा मिनिटांत कडीजवळचा टिश्यू चिंब होत होता, आता फक्त दमट झाला.

५ जुलै

चार तास, जोराचा पाऊस, वाराही. कव्हर टिकलं, चूक माझी झाली.

एका वळणावर घाईत झूम फिरवली. लेन्सची नळी बाहेर आली, तिच्यावर हुडातून आलेले थेंब होते, आणि मी न पुसता ती परत आत घेतली. बाहेर येताना झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आत जाताना नळीवरचं पाणी बरोबर घेऊन जाते. अर्ध्या तासाने पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं.

तिथेच कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली, पुन्हा सुरू करून पाहिला नाही. घरी आल्यावर लेन्स १०५वर, नळी पूर्ण बाहेर, दोन्ही झाकणं काढून, हवाबंद डब्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि आर्द्रतामापक यांच्यासोबत ठेवली. हेअर ड्रायर वापरला नाही. गरम हवेने वंगण पातळ होतं आणि पाण्याची वाफ आणखी आत जाऊन थंड जागी बसते. तांदळाच्या डब्यातही ठेवली नाही. तांदूळ सिलिका जेलच्या मानाने फारच कमी ओल ओढतो आणि त्याचा भुगा लेन्समध्ये जातो. डब्यातली आर्द्रता पहिल्या संध्याकाळी ७८ टक्के, सकाळी ३४. धुकं जायला ३६ तास लागले. त्यानंतरही चार दिवस ती डब्याबाहेर काढली नाही.

आता पावसात निघायच्या आधी एक फोकल लांबी ठरवते, बहुतेक वेळा ५०च्या आसपास, आणि झूमच्या रिंगवर कागदी टेपची पट्टी लावते. बोट टेपला लागलं की आठवण होते. बदलायचीच असेल तर आडोशाला, नळी पुसून.

९ जुलै

दोन दिवस कव्हरला उगाच दोष देत होते. घरातून बाहेर पडताच पुढची काच पांढरी, पाऊस पडत नसतानाही. कव्हर उलटंपालटं करून शिवणी तपासल्या.

कारण एसी होता. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली दव धरतं ते तापमान, सुमारे २६ अंश. रात्रभर २३ अंशांच्या खोलीत राहिलेली काच त्या हवेत गेली की तिच्यावर दव धरणारच. पुसून उपयोग नाही, काच गरम होईपर्यंत ते परत येतं. आता कॅमेरा बंद ड्रायबॅगेत घालून निघायच्या आधी पाऊण तास एसी नसलेल्या खोलीत ठेवते. पिशवी त्या वेळात उघडायची नाही, दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरू द्यायचं.

१६ जुलै

नारिंगी सिलिका जेल हिरवं झालं होतं, म्हणजे भरलं. पुड्या तशाच ओव्हनमध्ये ठेवल्या, त्यांचं आवरण वितळून दाण्यांना चिकटलं. दोन पुड्या टाकल्या. बाकीच्या पुड्या फोडून दाणे धातूच्या ट्रेत पातळ पसरले, १२० अंशांवर दोन तास. रंग परत नारिंगी. पण मी रंगापेक्षा वजनावर भरवसा ठेवते: ५९चे ५० झाले की झालं. गार होताना दाणे हवेतलं पाणी परत ओढू लागतात, म्हणून कोमट असतानाच डब्यात. निळं, गुलाबी होणारं जेल घेत नाही, त्या निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात आणि ते विषारी आहे.

घरातल्या डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवते. ६०च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो. ३०च्या खाली नेण्यातही अर्थ नाही, रबर आणि वंगण सुकतं.

२ ऑगस्ट

पाच तास, मधले दोन तास मुसळधार. कॅमेरा एकोणीस वेळा डोळ्याला लावला. आयकपवर थोडा दमटपणा, हुडाच्या आत तीन थेंब, हॉटशू कोरडा, कडीजवळचा टिश्यू दमट. ड्रायबॅग एकदाही उघडली नाही, आतल्या पुडीचं वजन जाताना ५० ग्रॅम होतं, येताना ५१. छातीवरून डोळ्यापर्यंत सरासरी नऊ सेकंद.

एकूण वेळ साधारण ४६ तास, त्यातले निदान अठरा चुका सुधारण्यात. खर्च वाया गेलेल्या कापडासकट एका चांगल्या फिल्टरइतका, गेल्या वर्षीच्या लेन्स सफाईच्या जवळपासही नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं, त्यामुळे तिसऱ्या तासाला कव्हर खाली ओघळतं आणि हुडाकडची पट्टी पुन्हा आवळावी लागते. पॉलिएस्टर पाणी फारच कमी शोषतं, पुढचा साचा त्याच्यावर कापणार आहे. आणि कव्हर ओलं घडी करून ठेवलं तर पीयूचा लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटतो, म्हणून ते आज साध्या पाण्याने धुऊन सावलीत उलटं टांगलं आहे. ताईने वेल्क्रोऐवजी बकल लावायला सांगितलंय. रविवारी तिच्याकडे जाऊन पट्टी उसवायची आहे, या वेळी क्लिपा घेऊन.